आठ वाजताचा फोन, ठणकणारा कान आणि चार वाजता होणारी संध्याकाळ

प्रश्न : पुण्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन आम्हाला तीन महिने झाले. नवऱ्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याच वेळी आरोग्याचा सरचार्ज म्हणून माणशी वर्षाला हजार पौंडांच्या आसपास भरून घेतले. गेल्या आठवड्यात चार वर्षांच्या मुलीचा कान रात्रभर ठणकत होता. सकाळी आठला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन लावला, तर रांगेत सत्ताविसावा नंबर; तो लागेपर्यंत आजच्या अपॉइंटमेंट संपल्या. पुण्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत औषध दिलं असतं. मग एवढे पैसे भरले कशाला? दिवाळीनंतर सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, दोघांना बीपी, सासऱ्यांना शुगर. बातम्या वाचल्या की वाटतं, या देशात सगळंच कोसळलंय. त्यात हा अंधार. माणसं इथे हिवाळा काढतात तरी कशी?

उत्तर :

मी फार्मासिस्ट आहे. बी.फार्म. नाशिकला झालं, मग इथे परदेशी फार्मासिस्टांसाठी असलेला वर्षाचा कोर्स आणि त्यापुढचं वर्षभराचं प्रशिक्षण करून मिडलँड्समधल्या एका लहान गावात केमिस्टच्या काउंटरमागे उभी राहिले, ती अजून तिथेच आहे. तुमच्यासारखे प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्यांत जन्मापासून इथेच राहिलेली माणसंच जास्त असतात. तेव्हा आपण नवीन आहोत म्हणून आपल्याला कळत नाही, असं अजिबात मानू नका.

आधी मुलीच्या कानाचं. त्या सकाळी तुम्हाला जीपीला फोन करायची गरजच नव्हती. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये ‘फार्मसी फर्स्ट’ नावाची सोय आहे. कानदुखी, घसादुखी, सायनस, किडा चावून चिघळलेली जागा, इम्पेटिगो (मुलांच्या तोंडाभोवती पिवळसर खपल्या धरतात तो त्वचेचा संसर्ग), नागीण आणि बायकांना होणारा साधा लघवीचा संसर्ग, या सात तक्रारी फार्मासिस्ट स्वतः तपासतो आणि गरज पडली तर अँटिबायोटिकही देतो. वयाच्या अटी आहेत. कानासाठी १ ते १७ वर्षं, घशासाठी ५ वर्षांपुढे, लघवीच्या संसर्गासाठी १६ ते ६४. तपासायचे पैसे नाहीत, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना औषधाचेही नाहीत. इंग्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या केमिस्टकडे ही सोय आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या आपल्या लोकांपैकी निम्म्यांना तरी ती ठाऊक नसते. कारण भारतात केमिस्ट म्हणजे चिठ्ठी दाखवून गोळ्या घ्यायचं दुकान, एवढंच डोक्यात बसलेलं असतं.

दुकानात गेलात की काउंटरवर ‘कान दुखतोय, तपासून हवाय’ एवढं म्हणायचं. आत एक छोटी खोली असते. तिथे मुलीला तुमच्या मांडीवर आडवं बसवायला सांगतात, तिचा एक गाल तुमच्या छातीशी, तुमचा एक हात तिच्या डोक्यावर आणि दुसरा तिच्या दोन्ही हातांवरून. मी आधी चांगला कान बघते, म्हणजे पोरीला कळतं की दुखत नाही. मग दुसरा. कानाची पाळी हलकेच मागे ओढून ऑटोस्कोपमधून (कान तपासायच्या दिव्याच्या नळीतून) पडदा बघायचा. निरोगी पडदा करडा आणि चकाकता असतो; आत पू साचला की तो लाल होऊन बाहेरच्या बाजूला फुगतो. फुगवटा नसेल तर सहसा अँटिबायोटिक मिळत नाही, आणि थोडा असला तरी बऱ्याचदा दुखणं कमी करणारे थेंब आणि पॅरासिटामॉल यावरच पाठवतात. असं झालं की आपल्याकडचे आईवडील नाराज होतात. पण मुलांचं मधल्या कानाचं दुखणं बहुतेक वेळा तीनेक दिवसांत, फार तर आठवड्याभरात आपोआप बसतं, आणि अँटिबायोटिकने त्यात फारसा फरक पडत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांचं औषध ‘लागू पडलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो तिसरा दिवस असतो.

थांबायचं कधी नाही, तेही इथेच सांगते. मूल धाप लागल्यासारखा श्वास घेतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, उठवलं तरी नीट जागं होत नाही, दिवसभर लघवी झालेली नाही किंवा मान ताठ झालीय, तर केमिस्टही नाही आणि जीपीही नाही. तेव्हा थेट ९९९ (तातडीच्या मदतीचा नंबर) किंवा इस्पितळाचा अपघात विभाग. अंगावर पुरळ दिसलं तर काचेचा साधा ग्लास त्यावर दाबून आरपार बघा. दाबल्यावर पुरळ फिकं पडलं नाही तर मेंदूज्वराची शक्यता धरून तत्काळ निघा. आपल्या सावळ्या कातडीवर असं पुरळ पटकन दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, पोट आणि पापणीची आतली बाजू बघायची. इथल्या पत्रकांतले फोटो अजूनही बरेचसे गोऱ्या कातडीचे असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आठ वाजताचा फोन. पुण्यातल्या डॉक्टरांना तुम्ही आलात की पैसे मिळतात. इथल्या जीपीला तुम्ही आलात काय, न आलात काय, मुख्यतः नावनोंदणीवर पैसे मिळतात, डोक्यामागे वर्षाला ठरावीक रक्कम. त्यामुळे तिकडे डॉक्टर पेशंटची वाट बघतो आणि इकडे रिसेप्शनिस्टला पेशंट गाळावे लागतात. ती उद्धट म्हणून नव्हे, तिला तेच काम दिलेलं असतं. तिच्यासमोरच्या पडद्यावर त्या दिवशीच्या मोजक्या जागा असतात आणि त्या कुणाला द्यायच्या हे तिला तुमच्या पहिल्या दोन वाक्यांवरून ठरवायचं असतं. म्हणून ‘मुलीला बरं नाही, डॉक्टरांना दाखवायचंय’ असं म्हणू नका. ‘मुलगी चार वर्षांची, काल संध्याकाळपासून ३९ ताप, पॅरासिटामॉलने तासभर उतरतो आणि परत चढतो, पाणी कमी पितेय’ असं म्हणा. किती वेळ, किती ताप, काय दिलं, काय बदललं. आपण संकोचाने ‘थोडंसं’, ‘जरा’ असे शब्द पेरत बोलतो, आणि ऐकणाऱ्याला खरंच थोडंसंच आहे असं वाटतं.

शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन फॉर्म उघडा ठेवणं बंधनकारक आहे. तातडीचं नसेल ते सगळं त्यातून पाठवा : जुनी पाठदुखी, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांबद्दलची शंका. आठ वाजता फोनवर ताटकळायचं ते फक्त त्याच दिवशी दाखवायला हवं असेल तेव्हा. रात्री-अपरात्री किंवा शनिवार-रविवारी १११ या आरोग्य-सल्ल्याच्या नंबरवर फोन करा. तिथे प्रश्नांची भलीमोठी यादी विचारतात, कंटाळा येतो, पण शेवटी ते तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवतात, कधी वेळही ठरवून देतात. सासूबाईंना बोलायचं असेल तर दुभाषा मागता येतो.

आणि आल्या आल्या एक काम केलं नसेल तर या आठवड्यात करा. मुलीचं लसीकरणाचं कार्ड जीपीकडे नेऊन नोंदवून घ्या. भारतात खासगी डॉक्टरांकडे कांजिण्यांची लस बहुधा दिलेली असते. इथल्या नेहमीच्या वेळापत्रकात ती जानेवारी २०२६ मध्ये आली. नोंद नसेल तर शाळेतून चिठ्ठ्या येत राहतात.

पैशांचं. प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. म्हणजे तुम्ही तिघे वर्षाला २,८४६ पौंड भरताय, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितके सगळे आधीच. फेब्रुवारी २०२४ पर्यंत प्रौढांचा आकडा ६२४ होता. वर नवऱ्याच्या पगारातून इतरांसारखाच टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, ज्यातून एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, चालते. माझ्या मते एकाच गोष्टीचे हे दोनदा पैसे आहेत, आणि तुमचा राग रास्त आहे. पण हा विम्याचा हप्ता नाही, त्यामुळे ‘मी भरलेत, मला आधी बघा’ असं कुठेही चालत नाही. सरचार्ज भरलेला, न भरलेला, लॉर्ड आणि बेकार, सगळे त्याच सत्ताविसाव्या नंबरवर. इथे आजारपणात खिशातून फारसे पैसे जात नाहीत, वेळ जातो. तुम्हाला पैसे द्यायची सवय आहे आणि वेळ द्यायची नाही, म्हणून ते जास्त खुपतं.

वेळ किती जातो, तर पुष्कळ. इस्पितळातल्या ठरवून करायच्या उपचारांच्या प्रतीक्षायादीत सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे ७७ लाख नोंदी होत्या. नंतर ती थोडी उतरली, तरी २०२५ मध्येही ७० लाखांच्या वर होती. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हा नियम २०१६ पासून पाळला गेलेला नाही. अपघात विभागात चार तासांत निकाल लागायला हवा, पण साधारण चारातल्या एकाला त्याहून जास्त थांबावं लागतं. दातांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचे पेशंट घेणारा दवाखाना उघडला, तेव्हा रस्त्यावर शेकडो माणसं उभी राहिली आणि रांग आवरायला पोलीस आले. माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत रूट कॅनाल हे काम भारतवारीच्या यादीत असतं, लग्नाच्या साड्यांच्या शेजारी. तुम्हीही ठेवा. मुलीला मात्र इथल्या दंतवैद्याकडे नोंदवून ठेवा, अठरापर्यंत तिचे उपचार फुकट आहेत. जागा मिळेपर्यंत चार-पाच ठिकाणी नाव लावावं लागेल.

पण ‘सगळंच कोसळलं’ हे मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्जन असलेल्या लॉर्ड दार्झींनी सरकारसाठी एनएचएसची तपासणी केली. तिची अवस्था गंभीर आहे हेच त्यांनीही लिहिलं, पण नाडी अजून जोरात आहे असंही लिहिलं. काउंटरवरून मलाही तेच दिसतं. छातीत कळ आलेला माणूस, अपघात झालेला, नुकतं जन्मलेलं अशक्त मूल, कॅन्सरचं निदान झालेली बाई यांना इथे ‘डिपॉझिट भरलं का’ असं कुणी विचारत नाही. गुडघा, हर्निया, मोतीबिंदू यांची मात्र दैना आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारने ‘एनएचएस इंग्लंड’ बरखास्त करायची घोषणा केली, तेव्हा नाशिकहून भावाचा काळजीने फोन, तुमची सरकारी इस्पितळं बंद होतायत म्हणे? बंद होणार होती ती वरची कारभार बघणारी संस्था. दवाखाने जिथल्या तिथे आहेत. मराठी बातमीचा मथळा वाचून इथल्या आयुष्याचा अंदाज बांधू नका. इथल्या मथळ्यांवरूनही नको.

औषधांच्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे लागेल म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, मग ते औषध चाळीस पेनीचं असो की चारशे पौंडांचं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेच फुकट. सोळाखालचे, साठीवरचे, गरोदर बायका आणि बाळंतपणानंतर वर्षभर, यांना माफी. त्यामुळे दहातली जवळपास नऊ औषधं फुकटच जातात. उरलेल्या एकाच्या खिशाला मात्र बसतं. महागाई भडकल्यापासून हे वाक्य मी वारंवार ऐकते : ‘या तिन्हीतलं कोणतं नाही घेतलं तर चालेल?’ विचारणारी माणसं नोकरी करणारी असतात. इनहेलर ठेवायचा की अँटिबायोटिक, असा हिशोब काउंटरवर उभं राहून चाललेला असतो. अशांना मी वर्षाच्या पासबद्दल सांगते. ११४.५० पौंडांत वर्षभराची हवी तितकी औषधं, आणि रक्कम दहा हप्त्यांत भरता येते. महिन्याला एक जरी गोळी चालू असेल तरी वर्षाचे ११८.८० होतात, म्हणजे पास स्वस्त. तुम्हाला थायरॉईडची गोळी चालू असेल (आपल्या बायकांत किती जणींना असते!) तर त्याहून चांगलं. जीपीकडून फॉर्म भरून माफीचं कार्ड घ्या, मग त्या गोळीचेच नव्हे तर कुठल्याच औषधाचे पैसे नाहीत. मधुमेहाची गोळी चालू असेल तरी तसंच. कार्ड हातात येण्याआधी माफीच्या रकान्यात खूण मात्र करू नका, दंड येतो.

कधी तुम्ही जाल आणि ‘हे औषध सध्या नाहीये’ असं ऐकाल. तेव्हा आमच्यावर चिडू नका, म्हणजे चिडलात तरी चालेल पण कारण ऐका. औषध विकत कितीला मिळालं ते एनएचएस बघत नाही, तिच्या दरपत्रकात जो भाव असेल तो ती आम्हाला देते. बाजारात भाव चढला की पुढचा भाव ठरेपर्यंत दुकान तोट्यात औषध देत राहतं. २०२२ मध्ये पाळी जाताना घ्यायच्या हार्मोन्सची टंचाई झाली, २०२३ मध्ये एडीएचडीच्या (लक्ष न टिकण्याच्या विकारावरच्या) गोळ्यांची, मग स्वादुपिंडाच्या एन्झाइमची. वर नियम असा की चिठ्ठीवर २० मिलिग्रॅमची एक गोळी असेल आणि माझ्याकडे १० च्याच असतील, तर दोन देणं माझ्या अखत्यारीत येत नाही. चिठ्ठी बदलून घ्यायला परत जीपीकडे, म्हणजे परत आठ वाजता. अशा वेळी शहाणपणाची गोष्ट एकच : गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी मागणी नोंदवा. इंग्लंडमधल्या केमिस्टच्या दुकानांची संख्या साडेदहा हजारांच्या आसपास घसरलीय, दोन दशकांतली जवळपास सर्वांत कमी. तुमचं कोपऱ्यावरचं दुकान चालू असेल तर ते नशीब समजा.

आणि सुपरमार्केटमध्ये पॅरासिटामॉलची दोनपेक्षा जास्त पाकिटं दिली नाहीत म्हणून वाद घालू नका. पाकिटात सोळाच गोळ्या असतात. १९९८ मध्ये पाकिटं लहान करण्याचा कायदा झाला, कारण घरात हाताशी असलेल्या बाटलीभर गोळ्या माणसं निराशेच्या एका क्षणी घेत होती. त्यानंतर असे मृत्यू कमी झाले.

आता सासू-सासऱ्यांचं. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त लक्ष घालायला हवं, कारण भेटीच्या व्हिसावर येणारे सरचार्ज भरत नाहीत. जीपीकडे दाखवणं त्यांनाही फुकट आहे. इंग्लंडमध्ये जीपीकडे तात्पुरती नोंद होऊ शकते, आणि नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा असायलाच हवा असा कायदा नाही, जरी काही ठिकाणी तो मागतात. अपघात विभागातली पहिली तपासणीही फुकट. पण वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू होतो, आणि परदेशी पाहुण्यांना एनएचएस स्वतःच्या दराच्या दीडपट बिल लावते. ५०० पौंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर गृहखात्याला कळवतात आणि पुढचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो. म्हणून विमा. नुसता तिकिटाबरोबर टिकमार्क करून मिळणारा नाही. आधीपासूनचा बीपी आणि मधुमेह स्पष्ट शब्दांत धरलेला, आणि तो फॉर्म भरताना काहीही न लपवलेला. ‘सांगितलं तर हप्ता वाढतो’ हा सल्ला देणारे नातेवाईक बिल भरायला येत नाहीत.

गोळ्या सहा महिन्यांच्या पुऱ्या, वर थोड्या जास्त, मूळ पाकिटांत आणाव्यात. डबीत काढून, रबर लावून नको. निम्म्या हातातल्या बॅगेत, निम्म्या सामानात. सोबत डॉक्टरांचं पत्र, त्यात औषधांची मूळ नावं, कंपनीची नव्हेत. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालून देतात, ‘अमुक-एम’, ‘तमुक-एएम’. तशा गोळ्या इथे सहसा नसतात आणि ती नावं इथल्या डॉक्टरांना काहीही सांगत नाहीत. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी किंवा दुखण्यासाठी ट्रामाडोलसारखी गोळी चालू असेल तर नियम वेगळे आहेत : तीन महिन्यांहून कमी साठा आणि पत्र बरोबर. त्याहून जास्त आणायचा तर परवाना लागतो. रक्तातली साखर इथे वेगळ्या एककात मोजतात. सासऱ्यांचा १२६ चा आकडा इथे ७ होतो, म्हणजे अठराने भागायचं. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७ टक्के असेल तर इथल्या रिपोर्टवर ५३ दिसेल. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ५३ बघून ते घाबरतील. नाताळच्या दिवशी जवळजवळ सगळं बंद असतं, बस-रेल्वेसुद्धा, केमिस्टही ठरवून दिलेली मोजकीच उघडी. २० डिसेंबरनंतर ‘गोळी संपली’ असा निरोप यायला नको.

हिवाळा. तुमचा हा प्रश्न शेवटी आला, पण तो किरकोळ नाही. डिसेंबरात लेस्टरला चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, सावळ्या कातडीत तर उन्हाळ्यातही कमी. म्हणून सगळ्यांनी थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यावं असा सरकारी सल्ला आहे. आपण बारा महिने घ्यावं, आणि तुमच्या मुलीच्या वयाला तर ते बारा महिने सांगितलेलंच आहे. भारतातून ६०,००० युनिटची आठवड्याची कॅप्सूल आणून स्वतःच्या मनाने चालू करू नका. तो उपचाराचा डोस आहे, रोजचा नव्हे.

दुसरं म्हणजे राहतं घर. थंडी लागते म्हणून खिडक्या गच्च बंद, आत तीन शिट्ट्यांचा कुकर, रेडिएटरवर ओले कपडे, आणि जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी. मुलाचा खोकला जात नाही म्हणून तिसऱ्यांदा सिरप न्यायला आलेल्या आईला मी आता आधी घराचं विचारते. रॉचडेलला डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे दगावलं. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडच्या सामाजिक घरांना (नगरपालिका आणि संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांना) लागू झाला आणि घरमालक संस्थांना ठरल्या मुदतीत दुरुस्ती करणं भाग पडलं. तुमचं भाड्याचं खासगी घर असेल तर फोटो काढून, तारीख घालून, ईमेलने कळवत राहा. फोडणी घालताना पंखा लावा आणि रोज दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, कितीही जिवावर आलं तरी.

आणि माणसं जगतात कशी, तर एकमेकांना भेटायची कारणं काढून. माझ्याकडे एक आजी येतात. त्यांची चार औषधं एकदम मिळावीत म्हणून मी तारखा जुळवून दिल्या होत्या. त्यांनी पुढच्याच महिन्यात त्या परत वेगवेगळ्या करून घेतल्या. चार औषधं, चार गुरुवार. येतात, पाऊस आहे की नाही यावर दोन वाक्यं बोलतात, शेजारच्या चॅरिटी शॉपमध्ये कपबशा बघतात, चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि केकचा तुकडा घेतात आणि घरी जातात. यात करुण काही नाही, त्यांनी आठवडा नीट बेतलाय. या देशाने जानेवारी २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला तेव्हा भारतात चेष्टा झाली होती. पण आता जीपीकडे असा एक माणूस असतो की तो गोळीऐवजी तुम्हाला गाण्याचा गट, बागकाम, चालण्याचा गट असं काहीतरी जोडून देतो. तुमच्या सासूबाईंना हिवाळ्याचे चार महिने खिडकीशी बसवून ठेवू नका. वाचनालयात लहान मुलांच्या गाण्यांचा तास असतो, तिथे नातीबरोबर त्यांनाच पाठवा. भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही. टाळ्याच वाजवायच्या असतात.

तुम्हाला तिघांनाही माझी चिठ्ठी मात्र शनिवारची आहे. सकाळी नऊला इंग्लंडभरच्या बागांमध्ये पार्करन होतं, पाच किलोमीटर, फुकट. लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा धावपटूंवर सुरू झालेली ही गोष्ट. लेस्टरला व्हिक्टोरिया पार्कमध्येही होतं. नावात धावणं असलं तरी चालणारे भरपूर असतात, आणि सगळ्यांच्या शेवटी चालण्यासाठी एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, त्यामुळे सासरे शेवटचे येणं नियमानेच अशक्य आहे. रविवारी ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी दोन किलोमीटरचं असतं; तुमची मुलगी बसते त्यात. नाव एकदाच ऑनलाइन नोंदवायचं, बारकोड मिळतो, तो फोनवर दाखवला तरी चालतो. नोव्हेंबरात हातमोजे घाला, बुटांचा चिखल होणार हे धरून चला, आणि संपल्यावर सगळे ज्या कॅफेत जातात तिथेच जा, कारण ओळखी तिथे होतात. पावसासाठी ते रद्द करत नाहीत. रस्त्यावर बर्फ जमला तर मात्र करतात, आणि तसं असलं तर सकाळी आठच्या सुमारास त्यांच्या पानावर कळतं.